कुकरची शिट्टी ऐकतो, हाक ऐकत नाही

पत्र

मॅडम, नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. मागच्या गणपतीपर्यंत तो इतका बोलायचा की आजोबा म्हणायचे, याच्या तोंडाला जरा कुलूप घाला. त्यानंतर हळूहळू तो ऐकेनासा झाला. ‘पाणी आण’ म्हटलं की नुसता माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. आम्हाला वाटलं, मोबाइलचं वेड लागलंय. रागाच्या भरात मी दोनदा मारलंसुद्धा. ते आठवलं की झोप लागत नाही.

मग कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ऐकू येतं का ते बघायची बेरा चाचणी झाली, कान चांगले निघाले. मला नवल वाटलं नाही, कारण कुकरची शिट्टी झाली की तो बरोबर स्वयंपाकघराकडे बघायचा. हाक मारली की मात्र नाही. दिवाळीपासून शब्द गळायला लागले. कॅलेंडरच्या पानामागे मी दुधाचा हिशेब लिहिते, तिथेच लिहून ठेवायला लागले. आधी ‘आजोबा’ गेलं, मग ‘भाकरी’, मग ताईचं नाव. संक्रांतीला ‘आई’ आणि ‘नको’ एवढंच उरलं होतं. एका ठिकाणी स्वमग्नता सांगितली. शेवटी पुण्याला मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांनी झोपेतला ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख, काढला आणि लँडाऊ-क्लेफ्नर सिंड्रोम असं नाव सांगितलं. औषध सुरू आहे. झोपेत कधी कधी त्याच्या ओठाचा कोपरा उडायचा, लाळ यायची. आम्ही म्हणायचो, स्वप्न पडत असेल.

सासूबाई म्हणतात, तुझ्या मामाला फिट यायच्या, हे तुझ्याकडूनच आलं. सहा महिने वाया गेले ते आमच्यामुळे का? डॉक्टरांना इतका वेळ का लागला? तो परत बोलेल का? आणि त्याला आता हाक मारायची की नाही, तेही कळेनासं झालंय.

– एक आई

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं कुकरचं वाक्य मी तीनदा वाचलं. शिट्टी ऐकतो, हाक ऐकत नाही. हे तुम्ही कानाच्या चाचणीच्याही आधी टिपलं होतं आणि या आजाराची सगळ्यात मोठी खूण तीच आहे. आवाज कानातून आत जातो, मेंदूपर्यंत पोहोचतोही, पण त्या आवाजाचा शब्द होत नाही. तुमच्याशी कुणी अचानक फिनिश भाषेत बोलायला लागलं तर तुम्हाला जे ऐकू येईल, तसं त्याला तुमचं मराठी ऐकू येत होतं. ‘पाणी आण’ म्हटल्यावर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहायचा तो उद्धटपणे नव्हे. तोंडावरून काही अंदाज येतो का, ते तो शोधत होता.

आता तुम्हाला जो प्रश्न झोपू देत नाही तो. सहा महिने तुमच्यामुळे गेले का? नाही. तुम्ही ज्या वाटेने गेलात, म्हणजे आधी हट्ट वाटला, मग बहिरेपणा, मग स्वमग्नता आणि शेवटी मेंदू, त्याच वाटेने वैद्यकशास्त्रही गेलंय. फक्त त्याला शंभर वर्षं लागली. मी हे धीर देण्यासाठी म्हणत नाहीये. ती हकीकत सांगते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बरीचशी तिच्यातच आहेत.

त्याआधी माझी एक कबुली. मी नवीन नवीन स्पीच थेरपिस्ट झाले होते तेव्हा माझ्यासमोर सहा वर्षांची एक मुलगी आणली. चित्रं दाखवली, प्रश्न विचारले, काही नाही. नुसती फ्रॉकची लेस ओढत बसली. मी फाइलवर लिहिलं, ‘हट्टी. सहकार्य करत नाही.’ तेवढ्यात बाहेर चहावाल्याने पेल्यावर पेला आपटला आणि पोरीने चटकन दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. तो लागायला पुढे कितीतरी महिने गेले. मी तर या विषयाची परीक्षा देऊन आलेली होते. तुम्ही दोनदा मारलंत ते चुकलंच, पण मी लिहिलेली ती ओळ तुमच्या त्या दोन धपाट्यांपेक्षा जास्त दिवस त्या मुलीच्या पाठीवर राहिली.

तर हकीकत अशी. भाषा मेंदूत कुठे राहते, याचा माग 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी काढला. त्यांच्या एका रुग्णाला ‘तान’ या एका अक्षरापलीकडे काही बोलता येत नव्हतं. तो वारल्यावर मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला पुढे बिघाड सापडला. मोठ्या माणसाला लकवा मारला आणि वाचा गेली तर काय झालं असेल, ते त्यानंतर डॉक्टरांना सांगता यायला लागलं. मुलांचं मात्र गणित जमेना. 1868 मध्ये ज्यूल कोतार नावाच्या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात दाखवलं, की लहानपणीच डावा अर्धा मेंदू सुकलेली माणसंसुद्धा व्यवस्थित बोलू शकतात. म्हणजे एक बाजू गेली तर दुसरी तिचं काम उचलते. निरीक्षण अगदी खरं होतं. पण त्यातून डॉक्टरमंडळींनी एक सोयीची समजूत करून घेतली: मुलांची वाचा जाणं दुर्मिळ, आणि गेलीच तर थोड्या दिवसांत आपोआप परत येते. ‘मूल आहे, येईल बोलायला’ हे आपल्याकडे शेजारीण सांगते ना, ते तेव्हा युरोपातले प्राध्यापक सांगत होते.

या समजुतीत आणखी एक घोळ होता. तो उलगडला त्याची गंमत मला अजून वाटते. जुन्या नोंदींमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला इजा होऊनही वाचा गेलेली बरीच मुलं सापडायची. त्यावरून लोक म्हणायचे, लहान मुलांची भाषा दोन्ही बाजूंना पसरलेली असते. 1978 मध्ये ब्रायन वुड्स आणि हान्स-लुकास ट्यूबर यांनी एका बाजूला इजा झालेली 65 मुलं तपासली आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहिली. नव्या मुलांत उजव्या बाजूच्या इजेने वाचा गेल्याचं फारच क्वचित दिसलं. मग पूर्वी इतकी का दिसायची? त्यांचं म्हणणं असं, की प्रतिजैविकं येण्याआधी मुलांना होणारे ताप-संसर्ग दोन्ही बाजूंच्या मेंदूला चाटून जायचे. वरून लुळी पडलेली दिसायची एकच बाजू, आतलं कुणी बघितलेलं नसायचं. मुलांचे मेंदू होते तसेच होते, त्यांचे आजार बदलले होते. तेवढ्यावर शंभर वर्षांच्या पाठ्यपुस्तकातला एक धडा बदलावा लागला.

पण तुमच्या मुलाच्या डोक्याला मार लागलेला नाही, लकवाही नाही. एमआरआय काढला असेल तर बहुतेक साफ आला असेल, कारण या आजारात तो बहुधा तसाच येतो. अशा मुलांसाठी वैद्यकशास्त्राकडे कितीतरी वर्षं खानाच नव्हता. डोकं चांगलं, कान चांगले, जीभ चांगली आणि तरी बोलणं गेलं, मग उरतं काय? मन, स्वभाव, नाहीतर आई.

हो, आई. 1908 मध्ये व्हिएन्नाच्या थिओडोर हेलर यांनी सहा मुलांचं वर्णन केलं. तीन-चार वर्षांपर्यंत बरी वाढलेली, मग भाषेसकट सगळंच हरवत गेलेली मुलं. त्यांनी त्याला बालपणीचा बुद्धिभ्रंश म्हटलं. 1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरून स्वमग्नता मांडली. पुढे तिचं खापर आईबापांच्या थंडपणावर फुटलं. ‘फ्रिजसारख्या थंड आया’ हा शब्दप्रयोग तेव्हाचा. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी साठच्या दशकात तो विचार भलताच लोकप्रिय केला. त्याला 1964 मध्येच खोडून काढणारे बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, यात मला नवल वाटत नाही. तुमच्या सासूबाईंना एवढंच सांगा, की बोलणं गेलं की आईकडे बोट दाखवायची चाल मोठमोठ्या डॉक्टरांनीही पाडली होती आणि नंतर ती त्यांना गुंडाळून ठेवावी लागली.

आता 1957. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात विद्यापीठातले मेंदूतज्ज्ञ विल्यम लँडाऊ आणि तिथल्याच बहिऱ्या मुलांच्या मोठ्या संस्थेत काम करणारे फ्रँक क्लेफ्नर यांनी मिळून एक निबंध लिहिला. नाव साधंच होतं: मुलांमधली झटक्यांसह येणारी वाचाहानी. त्यात सहा मुलं होती. क्लेफ्नर बहिऱ्यांच्या संस्थेतले होते हा योगायोग नव्हे. अशी मुलं अखेर तिथेच पोहोचायची, कारण घरच्यांना आणि डॉक्टरांना ती बहिरीच वाटायची. तुम्हीसुद्धा आधी कानाच्याच दारात गेलात.

त्यांना दिसलं ते असं. मुलं आधी चांगली बोलत होती. मग काही दिवसांत किंवा महिन्यांत त्यांना बोललेलं कळेनासं झालं आणि पाठोपाठ बोलणं गेलं. आकड्या येत होत्या, पण त्या औषधाने आटोक्यात आल्या तरी भाषा तशीच रुसलेली. मेंदूच्या विजेचा आलेख काढला तर त्यात वादळ. आणि आलेख सुधारत गेला की साधारणपणे बोलणंही सुधारत जायचं. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला, की मेंदूचा भाषेचा भाग मेलेला किंवा कापला गेलेला नाही, सततच्या विजेच्या गोंगाटाने तो कामातून बाद झालाय. एखाद्या घरात माणसं आहेत, फोनही आहे, पण लाइनवर सारखी खरखर आहे, तसं काहीसं.

हा आलेख म्हणजे तुमच्या मुलाच्या डोक्याला वायरी चिकटवून काढला तोच ईईजी. माणसाच्या मेंदूचा पहिला ईईजी जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये काढला आणि 1929 मध्ये छापला. त्याआधी हे वादळ बघायला यंत्रच नव्हतं. आधीच्या पिढ्यांत अशी मुलं जन्मली नसतील असं नाही. ती मुकी, वेडी, नाहीतर झपाटलेली म्हणून मोजली गेली असतील.

तरीही निम्मा आजार लपलेलाच राहिला, आणि तुमचे सहा महिने तिथे अडकलेत. ईईजी सहसा दिवसा, मूल जागं असताना, वीस-तीस मिनिटांचा काढतात. 1971 मध्ये पात्री, लियागूबी आणि तासिनारी या तिघांनी सहा मुलांबद्दल लिहिलं. जागेपणी त्यांचा आलेख सुसह्य असायचा, पण गाढ झोप लागली की विजेच्या लहरी थांबायलाच तयार नसत. जवळजवळ सगळी गाढ झोप त्या व्यापून टाकायच्या. मूल मात्र अंथरुणात शांत! ना हातपाय झाडणं, ना फेस. लँडाऊ-क्लेफ्नरच्या मुलांतही झोपेत असंच घडतं, हे पुढच्या वर्षांत स्पष्ट होत गेलं. दिवसभर ऐकलेलं, शिकलेलं मेंदू गाढ झोपेत लावून ठेवतो. रोज रात्री त्याच वेळी कुणी भांडी आपटत बसलं तर काय लावणार?

शिवाय या आजाराच्या तीनचार मुलांमागे एकाला तर डोळ्यांना दिसणारी फिट कधी येतच नाही. ज्यांना येते त्यांची बऱ्याचदा रात्री, एखाद-दुसरी, ओठाचा कोपरा उडण्याएवढी. तुम्ही ते स्वप्न समजलात. फिट म्हणजे जमिनीवर पडणं, दातखीळ आणि नाकाला कांदा, एवढंच चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं. त्यामुळे तुम्हाला कळायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांबद्दल मात्र माझं मत जरा कडक आहे. बोलणारं मूल बोलेनासं झालं, वय तीन ते सातच्या आसपास आणि कान चांगले, एवढं जुळलं की झोपेतला ईईजी लगेच सुचवायला हवा. स्वमग्नतेतही काही मुलांची भाषा मागे जाते, पण ती बहुधा दीड-दोन वर्षांच्या आसपास, मोजके शब्द आलेले असताना. पाच वर्षांचा, आजोबांशी वाद घालणारा मुलगा गप्प होतो तेव्हा वेगळा विचार व्हायलाच हवा. पुण्याच्या डॉक्टरांनी तो केला.

पुढचा ईईजीही झोपेतलाच असेल. आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत जागवायला सांगतील. केस धुऊन न्या, तेल अजिबात लावू नका, नाहीतर वायरी चिकटत नाहीत. त्याची रोजची उशी किंवा गोधडी बरोबर घ्या. रात्रभराचा आलेख काढायची सोय असेल आणि परवडत असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. आणि आकडी दिसत नाही म्हणून गोळी मनाने बंद करू नका. इथे औषध निव्वळ आकडीसाठी चाललेलं नसतं, झोपेतला आलेख शांत करायचा असतो. दुसऱ्या कुणाची फिटची चिठ्ठी बघून औषध बदलणं तर नकोच. कार्बामाझेपिनसारखं एरवी चांगलं औषध काही मुलांत हा झोपेतला गोंगाट उलट वाढवतं. पहिल्या औषधाने भागलं नाही तर डॉक्टर स्टिरॉइडबद्दल बोलतील. गावात स्टिरॉइड म्हटलं की लोक घाबरवतात. भूक वाढते, तोंड सुजतं, चिडचिड होते, रक्तदाब आणि साखर बघावी लागते, हे खरं आहे. पण या आजारात ते जुनं आणि वापरातलं औषध आहे. शिकागोच्या फ्रँक मोरेल यांनी मेंदूच्या पृष्ठभागावर अगदी बारीक छेद देऊन लहरींचा पसरण्याचा रस्ता तोडायची शस्त्रक्रियाही काढली होती. ती फार निवडक मुलांसाठी असते, आत्ता तुम्ही तिचा विचारही करू नका.

तुमच्या कागदपत्रांवर कधी ‘झोपेत स्पाइक-वेव्ह वाढणारी एपिलेप्टिक एन्सेफॅलोपथी’ असं लांबलचक नाव आलं तर नवीन आजार आला म्हणून घाबरू नका. फिटच्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने 2022 मध्ये नावांची फेरमांडणी केली, त्यात लँडाऊ-क्लेफ्नर या कुटुंबात बसवला. खोली तीच, पाटी नवी.

आता मामांच्या फिट. 2013 मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी एकाच वेळी दाखवलं, की या जातीच्या आजारांतल्या काही मुलांमध्ये ग्रिन-टू-ए नावाच्या जनुकात बदल असतो. काही मुलांमध्ये, बहुतेकांमध्ये नाही. ज्यांच्यात असतो त्यांनाही तो कधी आईकडून, कधी वडिलांकडून आलेला असतो, तर कधी दोघांपैकी कुणाकडूनही न येता मुलातच पहिल्यांदा झालेला असतो. जनुकाची तपासणी डॉक्टरांनी सुचवली तर करा. पण मामाला फिट यायच्या एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आपल्याकडे फिट येण्याची कारणं ढीगभर आहेत: लहानपणीचा मेंदूज्वर, डोक्याला लागलेला मार, फितीकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन झालेल्या गाठी. मामांना नक्की काय होतं हे घरात कुणाला माहीत आहे का? नसेल, तर त्यांना यात ओढायचं कारण नाही. आणि मोबाइलने हा आजार होत नाही. रात्री झोपेच्या वेळी तो हातात नको, एवढंच, कारण त्याची झोप आता औषधाइतकीच जपायची आहे.

तो परत बोलेल का, यावर तुम्हाला गोड उत्तर देणं सोपं आहे, म्हणून देत नाही. या आजारातल्या आकड्या मूल वयात येईपर्यंत बहुतेक थांबतात. ईईजीही सुधारतो. भाषेचं तसं नाही. काही मुलं पूर्ण बोलायला लागतात, काही अडखळत, काहींना शब्द कळणं कायम जड जातं. 1985 मध्ये डोरोथी बिशप यांनी तोवर छापून आलेली प्रकरणं एकत्र करून पाहिली तेव्हा एक उलटंच निघालं. मार किंवा लकव्याने वाचा गेली तर मूल जितकं लहान तितकं बरं, असं सगळे धरून चालले होते. इथे मात्र आजार जितका लवकर सुरू झाला तितकं पुढचं बोलणं अवघड. उशिरा सुरू झालेल्यांचं जास्त भरून येतं. कारण बहुधा असं, की अशा मुलाला शब्द ऐकूच येत नसल्यासारखं असतं, आणि भाषा पुरती बसण्याआधी ज्याचं ऐकणं बंद झालं त्याच्यापाशी शिल्लक कमी राहते. तुमचा मुलगा पाच वर्षं भरभरून बोललेला आहे. ते पूर्ण अभय नव्हे, पण जमेची बाजू नक्कीच आहे. आणखी एक लक्षात ठेवा: सुधारणा सरळ चढत नाही. दोन आठवडे शब्द येतात, ताप आला किंवा झोप बिघडली की परत जातात. तेव्हा ‘औषध लागू पडत नाही’ असं ठरवून वैद्य बदलू नका. गेलेले शब्द आठवडाभरात परतले नाहीत, तर मात्र पुण्याला फोन करा.

तोवर घरात काय करायचं? 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या इझाबेल रॅपिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांचं नेमकं काय अडतं ते नीट मांडलं. ऐकू येतं पण शब्द ओळखता येत नाहीत, त्यामुळे कान सोडून डोळ्यांच्या वाटेने भाषा द्यायला हवी. अशी काही मुलं खुणांची भाषा छान शिकली आहेत. आपल्याकडे याला फार विरोध होतो. ‘खुणा शिकवल्या तर बोलायचा आळस करेल’ हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. होत नाही तसं. खूण हाताशी असली की त्याचा आरडाओरडा आणि ताटं फेकणं कमी होतं, हे मी स्वतः पाहिलंय. जेवण, पाणी, शू, दुखतंय, नको, आजोबा, ताई, बाहेर एवढ्या आठ खुणांनी आज सुरुवात करा आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच वापरा. सासूबाईंना यात घ्याच. नातवाशी बोलायची वाट मिळाली की मामांचा विषय बहुतेक आपोआप मागे पडेल.

त्याला अक्षरं ओळखता येत होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बालवाडीत जात असेल तर थोडीफार येत असतील. एक करून बघा. ताटात भाकरी ठेवा, शेजारी जाड अक्षरात ‘भाकरी’ लिहिलेली चिठ्ठी ठेवा, तोंडाने काही बोलू नका. चार दिवस ठेवा. मग दोन चिठ्ठ्या ठेवा, भाकरी आणि दूध, आणि तो कोणती उचलतो ते बघा. कानाने हरवलेला शब्द काही मुलांना डोळ्याने सापडतो. मघाच्या त्या लेस ओढणाऱ्या मुलीने ‘चहा’ लिहिलेली चिठ्ठी उचलून माझ्या पर्समध्ये कोंबली होती. तिला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हाही कळलं नाही, पण चिठ्ठी बरोबर होती.

शाळा सोडवू नका. डॉक्टरांकडून एक पत्र घ्या: मूल बहिरं नाही, मतिमंद नाही, त्याला फळ्यावर लिहून आणि करून दाखवा, पहिल्या बाकावर बसवा. मोठ्याने ओरडून काही उपयोग नाही, हे बाईंना खास सांगा. जिल्हा रुग्णालयात मुलांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे स्पीच थेरपीची चौकशी करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व वेगळं धरलं आहे. त्यामुळे गरज लागली तर प्रमाणपत्र मिळू शकतं. ते घेतलं म्हणजे मुलावर शिक्का बसला असं समजू नका, परीक्षेच्या सवलतींसाठी पुढे उपयोगी पडतं. मुंबईला येणं जमलं तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे.

हाक मारायची की नाही? मारा. पण लांबून नको आणि पाठीमागून नको. आधी खांद्याला हात लावा, तो वळला की खाली बसून डोळ्यासमोर या, नाव घ्या आणि जे म्हणायचंय त्याची खूण करा. एका वेळी एकानेच बोलावं, टीव्ही बंद असावा. सुरुवातीला त्याला नाव ओळखू येणार नाही. तरी नावाबरोबर तुमचा चेहरा आणि हात रोज एकत्र यायला हवेत, कारण आत गोंगाट कधी कमी होईल ते बाहेरून कळत नाही.

आणि ते कॅलेंडर. डॉक्टरांना दाखवलंत का? नसेल तर पुढच्या खेपेला घेऊन जा. कोणता शब्द कोणत्या तारखेला गेला, अशी नोंद आम्हाला जवळजवळ कधीच मिळत नाही. लोक ‘साधारण दिवाळीत’ एवढंच सांगतात. तुमच्याकडे तारखा आहेत. आता त्याच पानांवर दुसऱ्या रंगाच्या पेनाने परत आलेले शब्द लिहा, औषधाचा डोस बदलला तो दिवस लिहा, ताप आला तो दिवस लिहा, रात्री ओठ उडालेला दिसला तर किती वाजता तेही लिहा. जमलं तर त्या ओठ उडण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. वर्ष संपलं की ते कॅलेंडर रद्दीत जाऊ देऊ नका.